तोंड तिकडं कर

पाचूबंदरच्या रेमंडला फोटोचं खूळ लागलं ते बर्फामुळे. वसईतल्या एका बर्फाच्या कारखान्याचा टेम्पो तो चालवायचा. पहाटे लाद्या भरायच्या आणि नायगाव, अर्नाळा, कळंब, कधी थेट सातपाटी, जिथे होड्या लागतील तिथे उतरवायच्या. जाताना मरणाची घाई, कारण बर्फ कुणासाठी थांबत नाही. येताना मात्र टेम्पो रिकामा आणि रस्ता लांब. अशा वेळी दुसरा कोणी गाणी म्हणत आला असता, रेमंड बघत यायचा. त्यातच जहाजावर असलेल्या त्याच्या मामेभावाने, क्लिफर्डने, एका सुट्टीत आपला जुना जपानी कॅमेरा त्याच्या गळ्यात घातला. झालं, माणूस कामातून गेला.

लोकांना वाटलं, बरं झालं, आपल्यात एक कॅमेरावाला झाला, बाप्तिस्म्याची आणि लग्नाची सोय झाली. रेमंडने एकाचंही लग्न काढलं नाही. त्याला माणसं नकोच होती, जागा हव्या होत्या. अर्नाळ्याचा किल्ला आणि आगाशीचं तळं तर कोणीही काढतं. रेमंड त्या वाटेवरचंही काही सोडायचा नाही. तिठ्यावरचा चुना फासलेला क्रूस, बकऱ्यांनी कायमचा ताब्यात घेतलेला एसटीचा थांबा, रिसॉर्टच्या दारावरची सिमेंटची जलपरी. या जलपरीची शेपटी एकदा ट्रकने तोडली, तेव्हा मालकाने वरचं धडही काढलं आणि तिथे दोन डॉल्फिन बसवले. रेमंडकडे आधीचाही फोटो आहे आणि नंतरचाही. जगाने डिजिटल घेतलं, मग मोबाइल घेतला, तरी हा बाबा फिल्मच्या रोलवर काळेपांढरे फोटो काढत राहिला. घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजायच्या म्हणतात त्या याच.

पण नुसत्या जागेचा फोटो काढला तर ती केवढी आहे ते कळत नाही. डॉल्फिन हाताएवढाही वाटेल आणि होडीएवढाही. शेजारी एखादं माणूस उभं राहिलं की बघणाऱ्याला अंदाज येतो. ते माणूस म्हणजे रेमंडची बायको, रोझी. रेमंड तिला ‘माझी फूटपट्टी’ म्हणायचा आणि त्यात आपण काही लागेल असं बोलतोय हे त्याच्या गावीही नव्हतं.

रोझी वसईच्या बाजारात मासे विकायची. तिच्या तोंडाला सगळा बाजार वचकून असे. गिऱ्हाइकाने पापलेटचा कल्ला दोनदा उचकून बघितला, तर ती त्याला विचारायची की लग्नाच्या वेळी बायकोचेही दात मोजले होतेस का. अशी ही बाई रविवारी चर्चमधली मिस्सा झाली की डबा, छत्री आणि कॅमेऱ्याची पिशवी घेऊन रेमंडच्या स्कूटरवर मागे बसायची आणि तो सांगेल तिथे जाऊन मुकाट उभी राहायची. सांगणं नेहमी एकच असे, “तोंड तिकडं कर, रोझे.” रेमंडचं म्हणणं, फोटोत चेहरा आला की जागा गेली. बघणारा चेहराच बघत बसतो, किल्ल्याकडे ढुंकून पाहत नाही. म्हणून रोझीने कायम जागेकडे बघायचं, पाठ कॅमेऱ्याकडे. ती हसायची. म्हणायची, रेमंडच्या बायकोची पाठ सगळ्या तालुक्याला ओळखते, तोंड दाखवलं तर लोक विचारतील ही कोण.

तिचं आणखी एक काम होतं आणि ते फोटोपेक्षा मोठं होतं. उभा जन्म लाद्या उचलून रेमंडच्या बोटांची टोकं मेली होती. उकळत्या चहाचा ग्लास तो खुशाल मुठीत धरायचा. आता या जुन्या कॅमेऱ्यात फोटो काढत जावं तशी फिल्म आपल्या डबीतून बाहेर ओढली जाते. रोल संपला की बारीकशी मूठ फिरवून ती परत डबीत गुंडाळायची आणि मगच कॅमेरा उघडायचा, नाहीतर उजेड लागून सगळं जळतं. ती पुरती गुंडाळली गेली का, हे दिसत नाही. मूठ एकदम हलकी लागते, ते बोटांना कळावं लागतं. रेमंडला ते कळेना. तुंगारेश्वरचा अख्खा रोल त्याने असाच उघडून घालवला. त्या दिवसापासून मूठ रोझीच्या हातात गेली. माशाच्या पोटात अंड्यांची गाभोळी आहे का हे बाहेरून चाचपून सांगणारी ती बोटं. रस्त्याच्या कडेला बसून ती कॅमेरा मांडीवर घ्यायची, डोळे मिटायची, मूठ फिरवत राहायची आणि मग “सुटली” म्हणायची. त्यानंतरही चार वेढे द्यायची, म्हणजे फिल्मची बाहेर लोंबणारी जीभ पूर्ण आत जाई.

जीभ आत असलेली डबी वापरलेली, जीभ बाहेर असलेली कोरी. दोन्ही बिस्किटांच्या एकाच पत्र्याच्या डब्यात. रेमंड हात पुढे करायचा आणि रोझी हातावर कोरी ठेवायची. डबी कशी ओळखायची, हे त्याने कधी विचारलं नाही आणि तिनेही कधी सांगितलं नाही. वीज कुठून येते हे दिवा लावताना कोण विचारतो?

गेल्याच्या गेल्या वर्षी, इस्टरआधीचा उपवासकाळ सुरू व्हायच्या अगोदरचा एक रविवार. कळंबला रस्त्याच्या कडेला एका बंद पडलेल्या रिसॉर्टचं दार होतं, फायबरच्या देवमाशाच्या उघड्या जबड्याचं. मुलांनी जबड्यातून आत शिरायचं, अशी ती करामत. त्या आठवड्यात ते पाडणार असल्याचं रेमंडला कळलं होतं, म्हणून तो घाईने गेला. रोझी जबड्यापाशी उभी राहिली, तोंड माशाकडे. रेमंड डोळा लावून बसला, तर ढग आला. ढग हलेना, रेमंडही हलेना. रोझीला भूक लागली होती. दोनदा तिने तिकडूनच हाक मारली, याने नुसता हात हलवून गप्प केलं. शेवटी ऊन पडायला आणि ती वळून तरातरा चालत थेट कॅमेऱ्यासमोर यायला एकच गाठ पडली. छत्री मिटलेली, एक हात वर, पुढचा तुटका दात दाखवत हसत होती. रेमंड दचकला आणि बोट दाबलं गेलं.

तो भडकला. एक फोटो फुकट गेला, ऊन गेलं, जागा गेली, असं काय काय बोलला.

रोझी म्हणाली, “जाऊ दे रं. येक तरी असूं दे.”

रेमंड आगाशी येईपर्यंत तिच्याशी एक शब्द बोलला नाही. आगाशीच्या बाजारात तिने दोन सुकेळी, उन्हात सुकवलेली केळी, घेतली आणि त्यातलं एक मागून त्याच्या तोंडात कोंबलं, तेव्हा भांडण मिटलं. पण ते आगाशीपर्यंतचं गप्प बसणं रेमंडच्या जिवाला पुढे जे डसलं ते डसलंच.

कारण इस्टर यायच्या आत रोझी गेली. बाजारात पाटीमागे बसल्या बसल्या छातीत कळ आली आणि दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

महिन्याच्या मिस्सेला आठवणीचं कार्ड वाटतात, त्यावर मेलेल्या माणसाचा फोटो असतो. रेमंडचा मुलगा जोएल विरारला चंदनसारला राहतो. तो आणि त्याची बायको अमिषा फोटो शोधायला बसले. रेमंडच्या कपाटात अल्बमांची चळत होती आणि त्यात जागोजागी रोझी होती, पाठमोरी, बोटाएवढी. जोएलच्या लग्नात पार्लरवालीने तिला इतकं रंगवलं होतं की ती दुसऱ्याच कुणाची तरी आई दिसत होती. मोबाइलवर दोन-चार होते, त्यात ती हलली होती किंवा कोणाच्या तरी खांद्यामागे होती. शेवटी कार्डावर आधार कार्डाचा फोटो छापला. त्यात रोझीचे डोळे वटारलेले आणि ओठ घट्ट मिटलेले आहेत, जणू पोलिसांनी पकडून आणलीय. फादरांनी ते कार्ड हातात घेतलं आणि छान आहे म्हणाले. रेमंडला ते खिशात ठेववेना. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तसा हा सगळा तालुका धुंडाळत फिरला आणि ज्या माणसाला मागे बसवून फिरला त्याचाच फोटो नाही.

पण एक होता. कॅमेऱ्यातला रोल अजून संपला नव्हता आणि त्यात कळंबची रोझी होती. रेमंडने जोएलला सांगितलं की वर्षाच्या मिस्सेला कार्ड नवं छापायचं, आणि आईच्या क्रूसावर लावायची फरशीही त्याच फोटोची करायची. त्या एका फोटोवर हा माणूस तग धरून होता. कोणी भेटायला आलं की कपाटातल्या कॅमेऱ्याच्या पिशवीकडे बोट दाखवायचा आणि म्हणायचा, तोंड हाय त्याच्यात, हसतंय.

आता कोणीही म्हणेल, कॅमेरा उचलायचा आणि आगाशीला जयवंतकडे न्यायचा. जयवंतचा तिथे जुना स्टुडिओ आहे. आता तो झेरॉक्स आणि पासपोर्ट फोटोवर चालतो, पण एकट्या रेमंडसाठी जयवंतने फिल्म धुवायचं सामान मागच्या मोरीत ठेवलं होतं. नेता आला असता. पण महिनोन्महिने रेमंडचा हातच त्या पिशवीला लागेना. आणि लागला तेव्हा त्याचा नियम आडवा आला, रोल अर्धवट सोडायचा नाही. हा नियम रोझीने कधी मोडू दिला नव्हता, मग आता कसा मोडायचा? भात कापणीला आलं होतं तेव्हा तो एकटाच स्कूटर घेऊन अर्नाळ्याच्या रस्त्याला गेला आणि उरलेले फोटो जे दिसलं त्याचे काढले. कुठल्याच फोटोत माणूस नव्हतं.

मग एका झाडाखाली बसून त्याने कॅमेरा मांडीवर घेतला, तिच्यासारखे डोळे मिटले आणि मूठ फिरवू लागला. बोटांना काहीच कळेना. त्याने कॅमेरा कानाला लावला. फिरवता फिरवता आत कुठेतरी बारीक टक झालं, तसा तो थांबला. आणखी फिरवलं आणि फाटलं तर? भीत भीत उघडून बघितलं, फिल्म सगळी डबीत, नुसती जीभ बाहेर. रेमंडने क्रूसाची खूण केली. ती जीभ आत ओढायची असते, हे त्याच्या मनातही आलं नाही. त्याने डबी पत्र्याच्या डब्यात एका कोपऱ्यात ठेवली. डब्यात क्लिफर्डने आणलेल्या दोन कोऱ्या होत्या, त्याच जातीच्या, जीभ बाहेर असलेल्या.

जयवंत म्हणाला होता की औषधं मुंबईहून यायचीत, नोव्हेंबरात या. त्याआधी मृतांचा दिवस आला. आपल्याकडे त्या आधी आठवडाभर दफनभूमीत जत्रेसारखी गर्दी असते. गवत काढतात, क्रूस धुतात, चुना लावतात, फुलं आणि मेणबत्त्या आणतात. रोझीचं हे पहिलंच वर्ष. रेमंडने तिच्या क्रूसाला तीन हात चुना दिला, आजूबाजूच्यांना उरलेला. दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन वर आल्यावर तो कॅमेरा घेऊन आला. डबा स्कूटरच्या डिकीत खडखडत आला होता, त्यात कोपरा कुठला राहणार? त्याने सवयीने हात पुढे केला. हातावर कोणी काही ठेवलं नाही. मग त्याने डब्यातली वर आलेली डबी उचलली, जीभ बाहेर होती, कॅमेऱ्यात घातली.

त्या सकाळी त्याने अख्खा रोल त्या एका क्रूसावर संपवला. समोरून, बाजूने, गुडघ्यावर बसून. एका जागेचे एवढे फोटो त्याने जन्मात काढले नव्हते. मागे सुरूची झाडं, त्यांची काळी सावली, पुढे उन्हात झगझगणारा पांढरा क्रूस. माप दाखवायला शेजारी कोणी नव्हतं, आणि क्रूस केवढा आहे हे रेमंडला कोणी सांगायची गरजही नव्हती.

जयवंतकडे त्याने दोन डब्या दिल्या. एक कॅमेऱ्यातून काढलेली, दफनभूमीची. दुसरी डब्याच्या कोपऱ्यातली, कळंबची. ती आधी कर म्हणाला आणि बाकावर बसून राहिला. जयवंत बऱ्याच वेळाने मोरीतून बाहेर आला, ओली फिल्म हातात धरून. ती आरपार दिसत होती, काचेसारखी.

“काका, ही कोरी आहे.”

रेमंड म्हणाला की असं होणार नाही, नीट बघ. जयवंतने पुन्हा उजेडाला धरली. मग तो दुसऱ्या डबीकडे बघत हळूच म्हणाला, “काकू जीभ आत ओढून द्यायच्या. या दोन्हींची बाहेर होती. मला वाटलं, आता तुमच्या हातून तेवढी ओढायची राहिली असेल.”

रेमंडला समजायला थोडा वेळ लागला. समजलं तेव्हा त्याने दोन्ही हात गुडघ्यांमध्ये घट्ट दाबून धरले. जयवंत पुन्हा आत गेला.

एका फिल्मवर दोनदा फोटो पडले होते. कळंब खाली, दफनभूमी वर. जयवंतने ती चौकट शोधून काढली आणि मोठी करून छापून आणली. मधोमध पांढराशुभ्र क्रूस होता. जिथे पांढरं पडतं तिथे खालचं काही उरत नाही, उजेड सगळं खाऊन टाकतो. जिथे काळं असतं तिथे खालचं टिकतं. सुरूच्या सावलीत एका बाजूला देवमाशाचे दात दिसत होते. खाली मातीत लुगड्याचा काठ आणि मिटलेली छत्री होती. वर, क्रूसाच्या आडव्या हाताच्या पलीकडे, रोझीचा उचललेला हात स्पष्ट आला होता, बांगड्यांसकट.

“तोंड?” रेमंडने विचारलं.

जयवंतने क्रूसावर बोट ठेवलं. रेमंडने तीन हात चुना दिला होता तिथे.

जोएलला कळलं तेव्हा त्याने बापाला दोष दिला नाही. पोरगा भला आहे. तो म्हणाला, पप्पा, आजकाल मोबाइलवर करून मिळतं. आधारचा फोटो, लग्नातला फोटो आणि हा हात असं सगळं घालून त्याने एक चेहरा बनवून आणला. हसरा, उजळ, फारच सुरेख. सगळे दात सरळ ओळीत होते. रेमंडने मोबाइल हातात घेऊन बराच वेळ बघितलं.

“ही कोन?” त्याने विचारलं आणि मोबाइल परत दिला.

वर्षाच्या मिस्सेला पुन्हा तेच आधारचं कार्ड वाटलं. लोकांनी ते प्रार्थनेच्या पुस्तकात घालून ठेवलं. रात्रीचं जेवण करून जोएल आणि अमिषा चंदनसारला गेले, तेव्हा रेमंडने कपाटातले सगळे अल्बम खाली काढले. जयवंतचं भिंग त्याने मागून आणलं होतं. इतक्या वर्षांत, इतक्या ठिकाणी, एखाद्या वेळी तरी तिने मान वळवली असेल. कंटाळून, ऐकू आलं नाही म्हणून, हट्टाने, कशानेही. बाजाराला बोटावर नाचवणारी बाई ती. जीवदानीच्या पायरीपासून त्याने सुरुवात केली आणि पानं उलटत गेला. एसटीचा थांबा, पाठ. जलपरी, पाठ. डॉल्फिन, पाठ. निर्मळच्या तळ्याशी वारा सुटला होता, पदर इकडे उडाला होता, तरी तिने मान हलवली नव्हती. प्रत्येक ठिकाणी त्याने सांगितलं होतं तशीच ती उभी होती, सरळ, त्याने दाखवलं तिकडे बघत. उभ्या जन्मात तिने त्याचं एकदाच ऐकलं नव्हतं.

शेवटच्या अल्बमच्या शेवटच्या पानावर अर्नाळ्याच्या किल्ल्याचा दरवाजा होता आणि त्याच्यापुढे रोझी, छत्री घेऊन. रेमंडने भिंग बाजूला ठेवलं आणि अल्बम डोळ्यांजवळ नेला.

“रोझे,” तो म्हणाला, “तोंड इकडं कर.”